पहिल्या घरासाठी पैसे साठवताना अवचित खर्चाला आवर कसा घालावा

पहिल्या घरासाठी बचत करू लागलेल्या बहुतेकांचे मोठे हिशेब चोख असतात. भाडे किती, वीजबिल किती, घरासाठी दर महिन्याला किती बाजूला टाकायचे, हे सगळे कागदावर नीट मांडलेले असते आणि तरीही महिनाअखेरीस ठरवलेल्या रकमेला कात्री लागलेली दिसते. ही कात्री सहसा एखाद्या मोठ्या खर्चाने लागत नाही. दिसले म्हणून, सवलत होती म्हणून, दिवस वाईट गेला म्हणून केलेल्या दहा-पंधरा लहान खरेद्यांनी ती लागते. असा खर्च केवळ मनाला मुरड घालून थांबवता येतो, असे मला पूर्वी वाटत असे. आता माझे मत असे आहे की वस्तू हवीशी वाटणे आणि तिचे पैसे देणे यांच्यामध्ये मुद्दाम अंतर निर्माण केले, तर निग्रहाची गरजच फार थोड्या वेळा पडते, आणि पुढे जे सांगितले आहे ते सगळे हे अंतर कसे तयार करायचे याविषयी आहे.

माझ्या बचतीच्या पहिल्या वर्षातली एक खरेदी मला अजून स्पष्ट आठवते. रात्री अकरा वाजून गेले होते, दिवसभराच्या कामाने डोळे जड झाले होते आणि फोनवर एक भिंतीवर लावायचा पितळी दिवा समोर आला. पुढे होणाऱ्या घरात वाचनाच्या खुर्चीशेजारी तो किती शोभेल, हे चित्र डोळ्यांसमोर उभे राहिले आणि मिनिटभरात पैसे देऊन झाले. चार दिवसांनी खोका आला. भाड्याच्या खोलीत भिंतीला भोके पाडायला परवानगी नव्हती, त्यामुळे दिवा खोक्यातच राहिला, आणि त्या महिन्यात घराच्या खात्यात ठरल्यापेक्षा कमी रक्कम गेली. घरासाठी म्हणून घेतलेल्या वस्तूनेच घर लांबवले होते.

आधी तीन महिन्यांचे स्टेटमेंट समोर घ्या

कोणताही नियम ठरवण्यापूर्वी मागच्या तीन महिन्यांचे बँकेचे आणि कार्डाचे स्टेटमेंट छापून घ्या आणि हातात पेन्सिल घेऊन प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न विचारा: ही वस्तू घ्यायची हे आदल्या दिवशी मला माहीत होते का? माहीत नसेल तर खूण करा. महिन्याची बेरीज करण्याआधी त्या खुणा नीट पाहा, कारण त्यांच्यात एक नक्षी दडलेली असते. कुणाच्या खुणा पगाराच्या आठवड्यात दाटलेल्या असतात, कुणाच्या रात्रीच्या, तर कुणाच्या दर वेळी त्याच एका ॲपवरच्या.

अवचित खरेदी सगळी एकाच जातीची नसते, हे हॉकिन्स स्टर्न या अभ्यासकाने १९६२ मध्येच नोंदवून ठेवले आहे. त्याने चार प्रकार सांगितले. पहिला निव्वळ ऊर्मीचा, ज्यात माणूस आपली नेहमीची रीत सोडून काहीतरी उचलतो. दुसरा आठवणीचा, म्हणजे वस्तू समोर दिसली की घरातली संपली आहे हे आठवते. तिसरा सुचण्याचा, ज्यात वस्तू पहिल्यांदाच दिसते आणि आपल्याला तिची गरज आहे असे तिथल्या तिथे वाटू लागते. चौथ्या प्रकारात माणूस काही ना काही घ्यायचे हे ठरवूनच जातो, पण काय घ्यायचे ते तिथल्या सवलतींवर सोडून देतो. या चौघांवर एकच इलाज चालत नाही. आठवणीच्या खरेदीला घरातल्या संपत आलेल्या वस्तूंची यादी पुरते, आणि चौथ्या प्रकाराला निघण्यापूर्वी ठरवलेली कमाल रक्कम पुरते. निव्वळ ऊर्मीची खरेदी नंतर स्वतःलाच खटकते, म्हणून ती ओळखणे सोपे जाते. माझ्या मते घर घेऊ पाहणाऱ्याला सर्वांत महाग पडतो तो तिसरा प्रकार, कारण त्यात वस्तूबरोबर तिचे समर्थनही आयते मिळते.

त्यातही भावी घरासाठी आधीच केलेली खरेदी विशेष फसवी असते. पडदे, दिवे, भांडी, लहानसे टेबल, ही सगळी घराच्याच नावावर खपतात, त्यामुळे ती घेताना बचत मोडल्याची टोचणी लागत नाही. शिवाय एक वस्तू दुसरीला ओढून आणते. फ्रेंच विचारवंत देनी दिदेरो याने १७६९ मध्ये लिहून ठेवले आहे की त्याच्याकडे एक देखणा नवा झगा आला आणि त्याच्यापुढे खोलीतले जुने सामान त्याला ओशाळवाणे दिसू लागले, म्हणून एकेक करून त्याने तेही बदलले. ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये या ओढीला दिदेरोचेच नाव दिले. ज्या घराच्या खोल्यांची मापे तुम्हाला अजून माहीत नाहीत, त्या घरासाठी काहीही विकत घेऊ नका. अशा वस्तूंसाठी वहीत एक वेगळे पान राखून ठेवा आणि जे आवडेल ते त्या पानावर उतरवा.

किंमत दिवसांत मोजा

वस्तूवर लिहिलेली किंमत आपल्याला फारसे काही सांगत नाही, कारण ती ज्या रकमेतून जाणार ती रक्कम त्या क्षणी डोळ्यांसमोर नसते. म्हणून किंमत घराच्या दिवसांत बदलून पाहण्याची सवय लावा. रीत सोपी आहे: वस्तूच्या किमतीला तुमच्या महिन्याच्या ठरलेल्या बचतीने भागा आणि तीसने गुणा. जे उत्तर येईल तितक्या दिवसांनी त्या खरेदीमुळे घर लांबणार आहे.

उदाहरणासाठी महिन्याचे उत्पन्न १०० भाग धरू आणि घराच्या किमतीतला जो हिस्सा आपल्याला स्वतः उभा करायचा आहे तो १,२०० भाग, म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाइतका धरू. व्याज बाजूला ठेवले, तर महिन्याला २० भाग साठवणाऱ्याला ६० महिने लागतील आणि २५ भाग साठवणाऱ्याला ४८. उत्पन्नाच्या विसाव्या हिश्श्याइतका अवचित खर्च थांबला, एवढ्यानेच पूर्ण एक वर्ष वाचते. याच हिशेबाने २५ भाग साठवणाऱ्याने ५ भागांची वस्तू घेतली, तर ती त्याला घराचे सहा दिवस पडते. सहा दिवस हा आकडा मनात जसा रुजतो तशी किंमत कधीच रुजत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे, कारण पैसे परत मिळवता येतील अशी आपली समजूत असते आणि दिवसांबद्दल तशी समजूत कोणी बाळगत नाही.

आणखी एक हिशेब याच्याच शेजारी लिहून ठेवण्यासारखा आहे. समजा कर्ज देणारी संस्था घराच्या किमतीच्या ८० टक्के रक्कम देणार आहे आणि उरलेले २० टक्के तुमचे. अशा वेळी तुम्ही साठवलेल्या प्रत्येक भागामागे घराच्या किमतीचे पाच भाग उभे राहतात, अर्थात तेवढे कर्ज फेडण्याची तुमची ऐपत असेल तर. आज हातातून गेलेली लहान रक्कम घराच्या बाजूने पाहिली की पाचपट मोठी दिसते ती याच कारणाने.

पैसे मोहापर्यंत पोहोचूच देऊ नका

पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम ऑटो-डेबिटने वेगळ्या खात्यात जाईल अशी व्यवस्था करा. महिनाअखेरीस उरेल ते साठवू, असे म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही. हे दुसरे खाते शक्यतो निराळ्या बँकेत असावे, त्याचे कार्ड घेऊ नये, ते पैसे देण्याच्या कोणत्याही ॲपला जोडू नये आणि त्याला नाव देता येत असेल तर ‘घर’ असेच नाव द्यावे. नावाने काय होते, असे वाटेल. पण माणूस पैशाला मनातल्या मनात कप्पे पाडतो आणि एका कप्प्यातला पैसा दुसऱ्या कामाला लावताना कचरतो, हे रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञाने सविस्तर मांडले आहे. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

बचत वाढवताना आजच्या खर्चाला हात लावण्यापेक्षा उद्याच्या पगारवाढीतला वाटा आधीच बांधून टाकणे सोपे जाते. थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांनी पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला ठरावीक हिस्सा निवृत्तीच्या बचतीत जाऊ द्यायला आगाऊ संमती दिली होती. सहभागी झालेल्यांची बचत ४० महिन्यांत उत्पन्नाच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. घराच्या बचतीतही हे जसेच्या तसे करता येते: पगारवाढीचे पत्र हाती पडेल त्याच दिवशी ऑटो-डेबिटची रक्कम वाढवा, म्हणजे वाढीव पैशाची सवय लागण्यापूर्वीच तो मार्गी लागलेला असेल.

घराच्या खात्याच्या जोडीला अडीअडचणीसाठी तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम वेगळी असावी, नाहीतर पहिल्याच आजारपणात घराचे खाते मोडावे लागते. आणि जो पैसा दोन-चार वर्षांत लागणार आहे तो चढउताराच्या गुंतवणुकीत घालू नये. घर पसंत पडावे आणि नेमका त्याच वेळी बाजार पडलेला असावा, ही जोखीम या पैशावर घेण्यात अर्थ नाही.

हवेसे वाटणे आणि पैसे देणे यांतले अंतर

गेल्या काही दशकांत विक्रीच्या व्यवहारात जे बदल झाले त्यांतले बरेचसे हे अंतर मिटवण्यासाठीच झाले. एका क्लिकमध्ये खरेदी पूर्ण करण्याच्या पद्धतीचे पेटंट ॲमेझॉनला अमेरिकेत १९९९ मध्ये मिळाले आणि २०१७ मध्ये त्याची मुदत संपली. पैसे देण्याचे साधन बदलले की आपली तयारीही बदलते. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सामन्याच्या तिकिटांसाठी खरीखुरी बोली लावायला सांगितली होती. ज्यांना क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे होते त्यांची सरासरी बोली रोखीने देणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाली. वस्तू तीच होती, फक्त पैसा हातातून जाताना जाणवला नव्हता.

म्हणून पहिले काम म्हणजे प्रत्येक दुकानाच्या ॲपमध्ये आणि ब्राउझरमध्ये साठवलेले कार्डाचे तपशील पुसून टाकणे. दर वेळी कपाटातून कार्ड काढून सोळा अंक भरावे लागले की त्या दीड-दोन मिनिटांत मन पुष्कळदा मागे फिरते. सवलतींची नोटिफिकेशन बंद करा, जाहिरातींच्या ईमेलची वर्गणी रद्द करा, आणि ज्या ॲपवर तुमच्या खुणा सर्वांत जास्त निघाल्या ते ॲप फोनवरून काढून टाका. लागलेच तर संगणकावर बसून खरेदी करता येते. तिथवर उठून जाणे हेही अंतरच आहे.

यापुढची पायरी म्हणजे थांबण्याचा नियम. चोवीस तास थांबा किंवा महिनाभर थांबा, असे सल्ले सर्रास मिळतात, पण लहान आणि मोठ्या खरेदीला एकच मुदत लावली की नियम जाचक होतो आणि मोडतो. मी अवलंबलेला नियम असा: वस्तूची किंमत घराच्या जितक्या दिवसांइतकी, तितके दिवस थांबायचे, आणि काहीही असले तरी किमान एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. सहा दिवसांची वस्तू सहा दिवस थांबते, चाळीस दिवसांची चाळीस दिवस. मुदत किमतीतूनच निघते, त्यामुळे स्वतःशी घासाघीस करायला जागा राहत नाही.

थांबलेल्या वस्तूंसाठी साधी वही ठेवा. तारीख, वस्तू, किंमत, घराचे दिवस आणि मुदत संपण्याचा दिवस, इतके रकाने त्यात असावेत. त्यांच्यापुढे एक रकाना आवर्जून घाला: त्या वेळी मी कसा होतो किंवा कशी होते. दमलेले, एकटे, रागावलेले, खुशीत, जे खरे असेल ते एका शब्दात लिहा. सिंथिया क्रायडर, जेनिफर लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की दुःखद चित्रफीत पाहिलेल्या लोकांनी पाण्याच्या साध्या बाटलीसाठी इतरांपेक्षा जवळजवळ चौपट पैसे देण्याची तयारी दाखवली, आणि त्या भावनेचा आपल्या निर्णयाशी काही संबंध आहे हे त्यांना जाणवलेही नाही. वहीतला हा रकाना ती जाणीव करून देतो. माझ्या वहीत दोन महिन्यांनी सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द ‘दमणूक’ हा होता, आणि त्यावरचा उपाय कोणत्याच दुकानात मिळणारा नव्हता.

नक्षी कळली की तिच्यासाठी आधीच वाक्य तयार ठेवा. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या आपल्या लेखात सांगितले आहे की ‘मी कमी खर्च करीन’ अशा मोघम संकल्पापेक्षा ‘अमुक झाले तर मी तमुक करीन’ असा नेमका संकल्प अधिक पार पडतो. ‘रात्री दहानंतर काही घ्यावेसे वाटले, तर वहीत लिहीन आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून येईन’ हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

सवलत आणि हप्ते

सवलतीत घेतलेल्या वस्तूमुळे पैसे वाचतात, ही समजूत तपासून पाहण्याचा एकच मार्ग आहे. जितकी रक्कम वाचली असे वाटते तितकी त्याच दिवशी घराच्या खात्यात भरा. भरता आली तर ती वाचली, भरता आली नाही तर ती मुळात नव्हतीच. सवलतीची घटिका संपत आल्याचे घड्याळ दिसत असेल तर थांबण्याचा नियम अधिकच कसोशीने पाळा. वहीत आधीपासून असलेली आणि मुदत पुरी झालेली वस्तू सवलतीत मिळाली, तर मात्र ती खुशाल घ्या.

हप्त्यांवरच्या खरेदीकडे घर घेणाऱ्याने इतरांपेक्षा जास्त काळजीने पाहिले पाहिजे, अगदी तो हप्ता विनाव्याज असला तरी. गृहकर्ज देताना संस्था तुमच्या उत्पन्नातला किती वाटा आधीच्या हप्त्यांत अडकला आहे हे पाहते आणि उरलेल्या वाट्यावरून नव्या कर्जाची रक्कम ठरवते. फोनचा लहान हप्ता महिन्याला जेवढा जातो, साधारण तेवढ्या मासिक हप्त्याइतकी गृहकर्ज फेडण्याची क्षमता कागदोपत्री कमी होते, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या मुदतीत तेवढ्या हप्त्यावर मिळू शकणारी कर्जाची रक्कम फोनच्या किमतीच्या कितीतरी पट असते. एखादा हप्ता चुकला तर त्याची नोंद राहते ती वेगळीच. म्हणून कर्जासाठी अर्ज करण्यापूर्वीचे वर्षभर नवा हप्ता सुरू करू नये आणि चालू असलेले शक्य तितके संपवावेत.

हौसेचा वाटा आणि घरातली माणसे

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, पण बचतीच्या काळात तिला मोल ठरवून द्यावे लागते, आणि ते शून्य ठरवू नये. दर महिन्याला एक लहान रक्कम अशी असावी की तिचा हिशेब कोणालाही, स्वतःलाही, द्यावा लागू नये. ती संपली की महिना संपला. ही मुभा नसेल तर दोन-तीन महिने कडकडीत काटकसर होते आणि मग एका संध्याकाळी सगळा बांध फुटतो.

दोघांनी मिळून घर घ्यायचे असेल तर प्रत्येकाचा हौसेचा वाटा स्वतंत्र ठेवा आणि त्यावर एकमेकांना एक अक्षरही विचारू नका. त्यापलीकडे एक मर्यादा ठरवा, उदाहरणार्थ घराचे तीन दिवस. तिच्यावरची कोणतीही वस्तू दोघांनी बोलून मगच घ्यायची. हे बोलणे खरेदीच्या आधी व्हावे. खोका दारात आल्यावर होणारे बोलणे उलटतपासणीसारखे वाटते, आणि पुढच्या वेळी माणूस खोका लपवतो.

नियम कधीतरी मोडेल. तेव्हा ‘या महिन्याचे गणित बिघडलेच आहे, आता पुढच्या महिन्यापासून पाहू’ हा विचार मूळ खरेदीपेक्षा जास्त नुकसान करतो. परत करण्याची मुदत असेल तर वस्तू त्याच आठवड्यात परत करा, नसेल तर वहीत घराचे दिवस लिहा आणि दुसऱ्या दिवशीपासून नेहमीप्रमाणे चालू ठेवा. मात्र खरेदी थांबवावीशी वाटूनही थांबत नसेल, कर्ज घरच्यांपासून लपवावे लागत असेल, आणलेल्या वस्तू न उघडता साचत असतील, तर वह्या आणि नियम पुरणार नाहीत. अशा वेळी संकोच न करता समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी.

महिन्यातून एकदा, शक्यतो पगाराच्या आदल्या संध्याकाळी, वही उघडून बसा. मुदत संपलेल्या प्रत्येक ओळीला विचारा की ही वस्तू अजून हवी आहे का. हवी असेल तर घ्या, आणि तेव्हा मनात कसलीही बोच ठेवू नका. नको असेल तर ओळ खोडा आणि खोडलेल्या रकमांतली जितकी खरोखर हातात उरली असेल तितकी त्याच संध्याकाळी घराच्या खात्यात वर्ग करा. ती तशीच पडून राहिली तर दुसऱ्या कशावर तरी जाते आणि वस्तू न घेतल्याचा उपयोग होत नाही.

राहिले ते भावी घराच्या वस्तूंचे पान. घराचा ताबा मिळेल त्या दिवशीही ते लगेच उघडू नका. पहिले काही आठवडे अर्ध्या रिकाम्या घरात राहा, सकाळचा उजेड कोणत्या खिडकीतून येतो, विजेचे प्लग कुठे आहेत आणि रोज आपण नेमके कुठे बसतो ते पाहा, आणि मग त्या पानावरची एकेक ओळ वाचा. माझ्या पितळी दिव्याचा खोका मी तेव्हाच उघडला. वाचनाची खुर्ची खिडकीशी ठेवावी लागली होती, आणि तिथे दिवा लावायला भिंतच नव्हती.